आठ जणींचं वजन

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा मी नववीत होते आणि माझा गणवेश सातवीतच राहिला होता. मधला सगळा काळ आम्ही घरात बसून मोबाईलवर शिकलो. कॅमेरा बंद, माइक बंद, तोंड चालू. इतिहास म्हटलं की मला अजून चुरमुऱ्यांची चव आठवते, आणि बीजगणित म्हटलं की शेंगापोळीची, कारण आईनं ठरवूनच दिलं होतं : एक धडा झाला की एक शेंगापोळी. मी आयुष्यात एवढं बीजगणित त्याआधीही केलं नाही आणि त्यानंतरही नाही.

शाळेच्या आदल्या संध्याकाळी आईनं कपाटातून कुडता काढला. तो माझ्या डोक्यातून आत गेला, खांद्यापर्यंत आला आणि तिथं थांबला. दोन्ही हात वर आणि तोंड कापडात, अशी मी खोलीच्या मधोमध उभी. बाबा बाहेरून ओरडले, “काय झालं गं?”

“तुमची लेक अडकलीय,” आई म्हणाली.

मग बाबांनी एका बाजूनं आणि आईनं दुसऱ्या बाजूनं ओढून मला बाहेर काढलं. कुडता काखेत फाटला. आई पलंगावर बसली आणि माझ्याकडे नव्यानं बघायला लागली. रोज समोर असलेलं माणूस वाढताना दिसत नाही म्हणतात ते खरं असावं. तिला त्या दिवशी एकदम सगळं दिसलं.

भूक मात्र खरीच लागायची. त्या वयातल्या भुकेबद्दल मोठी माणसं फार हलकं बोलतात. जेवून उठले की हात धुता धुता मला वाटायचं, आता पुढं काय? आमच्याकडे कडक भाकऱ्यांची चवड कायम असते, आणि शेंगाचटणीची बरणी. दुपारी आई पडली की मी स्वयंपाकघरात जायची. पण कडक भाकरी गुपचूप खाता येत नाही. ती मोडली की कौल फुटल्यासारखा आवाज होतो. आतल्या खोलीतून लगेच आवाज यायचा, “साकु!”

आईचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. रागावली की तिच्या तोंडी कन्नड येतं. मला कन्नड धड बोलता येत नाही, पण ‘साकु’ म्हणजे पुरे, हे मला चालायच्या आधीपासून कळतं. मग मी भाकरी दह्यात भिजवून मऊ करून खायला शिकले. दही संपायला लागलं तेव्हा तेही आईला कळलं.

गणवेश फाटल्यावर आईनं मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबाही आले. डॉक्टरांनी वजन केलं, उंची बघितली, दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, “वाढीचं वय आहे. उपाशी ठेवू नका. तेलकट-गोड जरा आवरा, मोबाईल आवरा आणि रोज घाम येईल असं काहीतरी खेळू द्या.”

एवढंच बोलले. पण घरी येईपर्यंत ती तीन वाक्यं तिघांत वाटली गेली. बाबांनी ऐकलं, ‘उपाशी ठेवू नका’. मी ऐकलं, ‘वाढीचं वय’. आणि आईनं ऐकलं, ‘घाम’.

त्याच्या जोडीला तिनं मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ बघितला आणि सकाळी दुधीचा रस सुरू केला. मला एकटीला वाईट वाटू नये म्हणून बाबांनाही प्यायला लावला. बाबा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. ते डोळे मिटून ग्लास रिकामा करायचे, गाडीला किक मारायचे आणि कारखान्यासमोरच्या टपरीवर जाऊन तोंडाची चव बदलायचे. हे मला माहीत होतं, कारण संध्याकाळी त्यांच्या रुमालाला भज्यांचा वास यायचा. मी आईला सांगितलं नाही. आम्ही दोघं एकाच बाजूचे होतो.

घामासाठी मला शाळेच्या मैदानावर घातलं. आमच्या खेळाच्या बाई मूळच्या बार्शीच्या. उंच, काटक, गळ्यात शिट्टी. त्यांनी मला पहिल्या दिवशी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मी सगळ्यांत मागं. इतकी मागं की पुढच्या मुली दुसऱ्या फेरीत मला गाठायच्या आणि बघणाऱ्याला वाटायचं, मीच पुढं आहे. खो-खोत मी बसले की उठेपर्यंत डाव संपायचा. बाईंनी कधी हसून काही म्हटलं नाही, पण त्यांची शिट्टी माझ्या वेळी जरा हळू वाजायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी धापा टाकत कडुलिंबाखाली आले तर तिथं काही मुली गोल बसून स्टीलच्या डब्यातून खात होत्या. भिजवलेले शेंगदाणे, गूळ आणि बाजूला केळी.

“हे कुणासाठी?” मी विचारलं.

“रस्सीखेचवाल्यांना,” त्यातली सगळ्यात बारीक मुलगी म्हणाली. ती माझ्याच वर्गातली. कमरेपर्यंत वेणी, आणि बाकी अंगात वेणीएवढाच ऐवज.

मी सरळ बाईंकडे गेले. “बाई, मला रस्सीखेच आवडते.”

“कधी खेळलीस?”

“नाही.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. त्यांना सगळं समजलं असणार. त्यांनी रस्सीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या बाजूला चार मुली उभ्या केल्या. “काही करू नकोस. फक्त जागची हलू नकोस.”

शिट्टी झाली. चौघी ओढायला लागल्या. मी मागं रेलले, पाय रोवले आणि त्यांच्या खांद्यावरून दिसणाऱ्या डब्याकडे बघत राहिले. डब्याशेजारी शेवटची दोन केळी होती. चौघी लालबुंद झाल्या, एक घसरून पडली. मी हलले नाही.

“अगं, काय लई भारी रेलती की तू!” बाई म्हणाल्या. “उद्यापासून शेवटी तू. अँकर.”

ती दोन केळी मीच खाल्ली.

अँकर म्हणजे रस्सीच्या शेवटच्या टोकाची खेळाडू. ती रस्सी काखेतून पाठीवर घेते, आणि पुढच्या सातजणी तिच्या भरवशावर ओढतात. माझ्या वजनाचा कुणाला तरी उपयोग आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पण खरी गंमत घरी झाली. बाईंनी आईला फोन केला. आई नुसती “हं, हं” करत होती. फोन ठेवून ती बाबांना म्हणाली, “त्या म्हणतात, एवढ्यात हिचं वजन कमी करू नका.”

“बघ!” बाबा म्हणाले. इतक्या आनंदानं ते बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते. दुसऱ्या सकाळी दुधी आला नाही. बाबांनी फ्रीज उघडून दोनदा खात्री करून घेतली.

आईला मात्र हे पटकन जमलं नाही. ती काही दिवस माझं ताट वाढताना हात मध्येच थांबवायची. मग एकदा ती शाळेत मला न्यायला आली आणि आमचा सराव बघत कुंपणाशी उभी राहिली. दहावीची आठ पोरं आमच्या विरुद्ध होती. ती जिंकली, पण सहज नाही. त्या संध्याकाळी तिनं शेजारच्या काकूंना सांगितलं, “आमची अँकर झालीय.”

“अगंबाई! कुठल्या चॅनेलवर?” काकूंनी विचारलं.

आईनं दुरुस्ती केली नाही. पुढं कितीतरी दिवस त्या काकू मला बातम्या कधीच्या, म्हणून विचारत होत्या.

जिल्ह्याच्या स्पर्धा आल्या तेव्हा बाईंनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आधी सांगायला हवी होती. रस्सीखेचेत वजनाचा गट असतो. आठ जणींचं मिळून वजन ठरलेल्या आकड्याच्या आत पाहिजे, नाहीतर संघ बाद. शाळेतला वजनकाटा कुणालाही उभं केलं तरी एकच आकडा दाखवत होता. तेव्हा बाबा म्हणाले, “आमच्या कारखान्यातल्या काट्यावर या की.”

एका रविवारी बाई आणि आम्ही आठजणी रिक्षांत बसून एमआयडीसीत गेलो. कारखाना चालू होता. मागांचा इतका खडखडाट की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. दाराशी सुताची पोती तोलायचा मोठा काटा, आणि काट्याशी एक वयस्क मामा. ते वजन बघून जोरात ओरडायचे आणि बाबा पलीकडून लिहून घ्यायचे. सवयीनं त्यांनी पहिल्याच मुलीला “चला, पुढचं पोतं!” म्हटलं, जीभ चावली, आणि मग प्रत्येकीला “या, ताई” म्हणायला लागले. पण आकडा ओरडायची सवय जाईना. खडखडाटात तो फार कुणाला ऐकूही जात नव्हता.

सगळ्यांत शेवटी मी चढले. मामांनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि नेमक्या त्याच क्षणी वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. काटा बॅटरीवरचा होता. त्या शांततेत माझा आकडा कारखान्याच्या पत्र्याला लागून परत आला.

टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायका मान वळवून बघायला लागल्या. त्यातली एक शेजारणीला तेलुगूत काहीतरी म्हणाली. मला वाटलं, झालं. पण आमच्यातल्या एका मुलीला तेलुगू येत होतं. तिच्या वडिलांची इडली-वड्याची गाडी आहे. ती माझ्या कानात म्हणाली, “त्या म्हणतायत, तब्येतीची आहे पोरगी, छान आहे.” ती खरं सांगत होती की मला बरं वाटावं म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. आकडाही मी इथं सांगत नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी त्या कारखान्यात विचारावं, अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

बाबांनी बेरीज केली. दुसऱ्यांदा केली. आम्ही गटापेक्षा थोड्या जास्त होतो. फार नाही, पण जास्त. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि न बघणं बघण्यापेक्षा वाईट असतं.

“बाई, मी नको खेळायला,” मी म्हणाले. बाबा कागदाकडे बघत राहिले.

“आणि मागं कोण उभारणार? मी?” ती बारीक मुलगी म्हणाली. “मला तर रस्सी उचलत न्हाय.”

बाई म्हणाल्या, “वजन आठ जणींचं आहे. कमी पण आठ जणींनी करायचं. पण ऐका, कुणी उपाशी राहायचं नाही. मला कळलं तर संघातून काढीन. वडा, भजी, थंड पेय, गोड, एवढंच बंद. आणि रोज दोन फेऱ्या जास्त.”

त्या दिवसांइतकी शिस्त आमच्या शाळेनं कधी बघितली नसेल. इडलीच्या गाडीवाल्याची मुलगी घरचा वडा बघून तोंड फिरवायची. तिच्या वडिलांना वाटलं, पिठात काहीतरी चुकलं. एकीनं वाढदिवसाचा स्वतःचा केक नुसता कापला आणि वाटून टाकला. आणि एका सकाळी ती बारीक मुलगी मैदानावर आली तर तिची वेणी नव्हती. केस कानापर्यंत कापलेले.

“अगं हे काय?”

“माझ्याकडं कमी करायला दुसरं काय हाय?” ती म्हणाली.

तासाभरानं तिची आई शाळेत आली. “केसांनी काय वजन उतरतंय व्हय? बाई, तुमी काय शिकवायलाय पोरींना?” माझ्या पोटात काहीतरी हललं. भूक नव्हती ती, हे लगेच कळलं, कारण भूक मला चांगली ओळखता येते.

त्या संध्याकाळी आईनं स्वतःहून भाकरी आणि चटणी पुढं केली. “सराव करून आलीस, खा थोडं.” मी अर्धी भाकरी खाल्ली. तिनं आणखी वाढायला हात पुढं केला.

“साकु,” मी म्हणाले.

आईनं बरणी खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

स्पर्धा बार्शीला होत्या. पहाटेच्या एसटीनं निघालो. आईनं सगळ्या संघासाठी धपाटे, दही आणि चटणी असा मोठा डबा दिला होता. पण वजन होईपर्यंत तो उघडायचा नाही, असं बाईंनी बजावलं होतं. तो डबा माझ्या मांडीवर. एसटी खड्ड्यात गेली की झाकण जरासं उचकटायचं आणि लसणाचा वास सगळ्या गाडीत फिरायचा. एक आजोबा मागच्या बाकावरून म्हणाले, “पोरींनो, खायचं असंल तर खावा की, का छळायलाय?” आठजणींनी एकदम खिडकीबाहेर बघितलं.

बार्शीला पोचून आठजणी एकदम तिथल्या मोठ्या काट्यावर चढलो. वजन जास्त भरलं. अगदी थोडं, एखाद्या लिंबाएवढं जास्त.

“वेळ आहे अजून,” टेबलावरचे सर म्हणाले.

बूट काढले. मोजे काढले. घड्याळं, क्लिपा, कानातलं काढलं. पुन्हा चढलो. तरी जास्त. मग बाईंनी आम्हाला मैदानाला पळायला लावलं. अनवाणी, केस सुटलेले, आठजणी पळतोय, आणि आजूबाजूच्या शाळांच्या मुली बघतायत की ही कुठली शर्यत चाललीय. दोघीजणी मध्येच मुतारीकडे वळल्या आणि फार विजयी चेहऱ्यानं परत आल्या. तिसऱ्यांदा चढलो. काट्यावरचे आकडे खालीवर झाले आणि थांबले. बरोब्बर गटात.

ती बारीक मुलगी ओरडली, “माझे केस! म्हनलं नव्हतं का मी!”

तिला कुणी विरोध केला नाही. तो दिवस तिचा होता.

मग डबा उघडला. तो कसा संपत गेला ते सांगता येणार नाही. बाई “हळू, हळू” म्हणत होत्या आणि स्वतः तिसरा धपाटा दह्यात बुडवत होत्या. आम्ही एवढं खाल्लं की पुन्हा काट्यावर उभं केलं असतं तर काटेवाले सर घाबरले असते. पण नियम वजनाच्या वेळेपुरता होता. पहिल्या सामन्यात त्याच धपाट्यांच्या जोरावर आम्ही समोरच्या संघाला दोन्ही वेळा ओढून आणलं. मी मागं दगडासारखी. मला वाटलं, आता चषकच.

दुसरा सामना एका खेडेगावच्या शाळेशी होता. बारक्या, काळ्यासावळ्या, उन्हात रापलेल्या मुली. त्यांची अँकर बघून मला हसूच आलं. मनगटं काडीसारखी. माझ्या निम्मी असेल. शिट्टी झाली. मी रेलले, पाय रोवले, आणि मला वाटलं रस्सी पलीकडच्या झाडाला बांधलीय. काही हलेना. मग एक झटका बसला, आणखी एक, आणि मी बसल्या जागी धुरळ्यातून पुढं सरकायला लागले. दुसऱ्या डावात तर पालथीच पडले. तोंडात बार्शीची माती.

हरलो. काही मुली रडल्या. मी कडेला बसून तळहात बघत होते. रस्सीनं कातडं सोललं होतं. तेवढ्यात ती काडीसारखी अँकर समोर येऊन उभी राहिली. नजर डब्यावर.

“त्यात अजून काय हाय?” तिनं विचारलं.

चार धपाटे उरले होते. तिनं मांडी घातली आणि खायला लागली. तिच्या मागं तिच्या संघातल्या दोघी-तिघी आल्या, आणि आमच्याही मुली रडणं थांबवून सरकत आल्या, कारण धपाटे संपतील.

“तुमच्यात अँकर कशी निवडत्यात?” तिनं तोंडात घास घेऊन विचारलं.

“वजनावर,” मी म्हणाले. “आणि तुमच्यात?”

“जी शेवटी पडती ती.” तिनं बोटं चाटली. “तू जड हाईस, पर सरळ उभारतीस. सगळं वजन वाया. ऊठ, दावते.”

आणि हरलेल्या संघाच्या अँकरला जिंकलेल्या संघाच्या अँकरनं तिथल्या तिथं टाच कशी तिरकी रोवायची, गुडघा कुठं ठेवायचा, श्वास कधी सोडायचा हे दाखवलं. मी एकदा रेलले तेव्हा तिनं मला ओढून बघितलं आणि तिला मी हलेना. ती खूश झाली. “आता व्हय,” म्हणाली, आणि उरलेला अर्धा धपाटा उचलला. पुढच्या सामन्यासाठी त्यांची शिट्टी झाली तेव्हा ती तोंड पुसत पळाली. त्या मुली अंतिम सामनाही जिंकल्या. आम्ही सगळ्यांत जोरात ओरडलो.

मी पुढं बारावीपर्यंत रस्सी ओढली. वजन कधी थोडं उतरलं, कधी चढलं; उंची वाढली आणि अंग तिच्यात जरा वाटून गेलं. डॉक्टर पुढच्या वेळी काही बोलले नाहीत, म्हणजे बरं असावं.

पण स्पर्धेच्या दिवशी रात्री घरी पोचले तेव्हा माझ्या तळहातांना पट्ट्या होत्या आणि घास धरता येत नव्हता. आईनं वरणभात कालवला आणि कितीतरी वर्षांनी मला हातानं भरवायला बसली. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. मी घास गिळत सगळं सांगत होते. ताटातला भात संपला तरी ती उठली नाही, पातेल्यातून आणखी घेतला.

“बरं,” आई म्हणाली, “ती खेडेगावची बारकी पोरगी टाच कशी ठेव म्हणाली?”

मी उठून दाखवलं. मग आई उठली, पदर खोचला, भाताचा हात तसाच वर धरला, आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर टाच रोवून बघायला लागली.